मीठ लागतं त्याला

सात-दहाला बी घातलं चंबूत,
हलत्या तबकावर, सदतीस अंशांत.
सात-वीसला पहिलं मोजमाप,
तर आंतोनेत म्हणते, चहा घेऊन ये गं,
ते काय पळून जातात?

पळतात, बाई.
दहा मिनिटांच्या आत एकाचे दोन.
मी कप विसळून येईस्तोवर
आत कुणीतरी खापरपणजोबा झालेलं असतं.

ई-कोलाय लाडात वाढवला तरी वीस मिनिटं घेतो.
याला लाड नकोत, मीठ हवं.
नावाचा लॅटिनमधला अर्थच तो:
ज्याला मिठाची गरज.

घराणं मात्र पटकीचं.
आडनाव तेच,
अंगाला तोच स्वल्पविरामाचा बाक,
मागे तशीच एक शेपटी.
म्हणून दर अर्जावर वेगळ्या रकान्यात
लिहून द्यावं लागतं: निरुपद्रवी.
खाली सही, तारीख, शिक्का.
(माझ्याबद्दल इतकं ठाम
कुणी लिहून देईल, असं वाटत नाही.)

चिखल मीच आणला होता आगरवाड्याहून,
गुणोमामाच्या मिठागरातून.
ओहोटीला, मानशीच्या दाराशी वाकून,
पाकिटातल्या निर्जंतुक चमच्यानं.
मामा बांधावर उभा.
"रोग करता?"
नाही.
"वखद जाता ताचें?"
अजून नाही.
"मगे तुका पगार कित्याक दितात?"
आणि तो मिठाच्या ढिगावर
झावळ्या रचायला वळला.

बांबोळीत त्या चिखलातून
तिसऱ्या दिवशी हा एकटा सुटा झाला.
साईच्या रंगाचे ठिपके, कडा जरा विस्कटलेल्या.
सुंदर वगैरे नाही.

एकदा नव्या मुलीनं द्रावणात मीठच घातलं नाही.
सकाळी चंबू निवळशंख.
गोडं पाणी आत शिरतं, शिरतच राहतं,
आणि पेशी फुटते.
ती रडली. मी म्हटलं, अगं, पुन्हा लाव,
दुपारपर्यंत परत तेवढेच होतील.

फ्रिजचं मात्र मला ठाऊक नव्हतं.
शुक्रवारी बशी चार अंशांत ठेवून घरी गेले,
सोमवारी त्यातून काही उगवेना.
फुर्तादो सर काच डोळ्याला लावून म्हणाले,
मेलेत असं नाही.
जिवंत आहेत बहुतेक. वाढत नाहीत, इतकंच.

मामाला मुलानं म्हापशाला नेलं,
तिसऱ्या मजल्यावर.
बांध फुटला तो कुणी बांधला नाही,
आगरात आता खाडीच येते-जाते.
रक्तदाब चढलेला म्हणून
डॉक्टरनं मीठ बंद केलंय.
पन्नास वर्षं जो पायांनी मीठ तुडवत होता
तो अळणी पेजेत चमचा फिरवत बसतो,
बोलत नाही.
सून म्हणते, त्रास काहीच नाही हो त्यांचा.

सात-पन्नास. पाणी तांदळाच्या धुवणासारखं.
आठ-वीस. नळीपलीकडचं बोट दिसत नाही.
कागदावरच्या गणितानं उजाडेपर्यंत
हे पृथ्वीहून जड व्हायला हवेत.
होत नाहीत. साडेनऊला खाणं संपतं,
रेघ आडवी होते,
आणि आंतोनेत दिवे मालवते.

रविवारी फोनमध्ये बशीचा फोटो घेऊन गेले.
मामा, हे तुझ्या आगरातले.
त्यानं चष्मा शोधला. फोन लांब धरला, मग जवळ.
"कितले आसात?"
सांगेपर्यंत दुप्पट होतात, मी म्हटलं.
"तरी पूण?"

मी आकडा सांगितला. त्याला पटला नाही.
पेजेचं भांडं बाजूला सारून
तो अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून
एकापासून मोजायला लागला.
दोन. चार. आठ.
सून स्वयंपाकघरात होती.
बत्तीसला अडखळला, तेव्हा हळूच म्हणाला,
"इल्लें मीठ हाड गो."